विमानाची खंडेनवमी

उद्यमनगर, कोल्हापूर
२८ ऑगस्ट १९७८

चि. आकारामास,

तुझं पाकीट परवा मिळालं. आतला फोटो न दुमडता आलाय. घरात सगळी बरी आहेत, तेव्हा त्यावर आणखी शाई घालवत नाही.

तू चार पानं लिहिलीस. मोंबासाच्या शेठच्या घरच्या विमानातनं आठवड्याला चार-चार बेटं हिंडतोस. समुद्र वरनं कासाराच्या दुकानातल्या हिरव्या बांगडीसारखा दिसतो. एका बेटावर माणसापेक्षा म्हातारी कासवं आहेत, दुसऱ्यावर नुसती पाखरं. उतरायची जागा म्हणजे नारळाच्या बागेतली वाट, आणि उतरायच्या आधी विमान एकदा डोक्यावरनं फिरवून कासवं-कोंबड्या हाकलाव्या लागतात. तुझ्या आईला हे दोनदा वाचून दाखवलं. ती शेजारच्या धोंडुबाईला सांगून आली. धोंडुबाई दारात येऊन म्हणाली, "आत्ती, नातू राजा झाला की ओ तुमचा!" मी म्हटलं, "राजा न्हवं, राजाच्या गाडीची चाकं पुसतोय."

मग तिसऱ्यांदा एकटीनं वाचलं. नारळ तीनदा आलाय, समुद्र पाचदा. मशीन एकदाही नाही.

मोंबासात होतास तेव्हा कुठलं इंजन खोकतंय, कुठल्याचं तेल काळं पडलंय, याशिवाय तुझं पत्र नसायचं. तुझी आई शालू कंटाळायची, म्हणायची, पोरगं जेवतंय का नाही ते लिहीतच नाही. आता तू काय जेवलास ते लिहितोस, माशाचं कालवण, भात, फणसासारखं कसलं फळ. आकाराम, माणूस असा एकाएकी बदलतो तो दारूनं, बाईनं, नाहीतर कामात काही बिघडलं तर. दारू असती तर अक्षर हललं असतं. बाई असती तर पत्रच आलं नसतं. राहिलं काम.

आता फोटो. विमान समोरनं घेतलंय, तू पंखाखाली कमरेवर हात ठेवून उभा, मागं समुद्र. समुद्राची रेघ कुणाच्या बापाला वाकडी करता येत नाही. मी गोधडीचा दोरा घेतला, त्या रेघेवर ताणून धरला. मग पंखांच्या दोन टोकांवर धरला. दोन्ही रेघा जुळत नाहीत. तू ज्या बाजूला उभा आहेस ती बाजू खाली आहे. जोतीरामला दाखवलं. तीस वर्षं आपल्या कारखान्यात मशीन उघडून त्याचे डोळे गेले, पण दोरा त्यालाही दिसला. म्हणाला, "वाळूत चाक रुतलं असंल, काकी." मी म्हटलं, "चाकाखाली बघ की. वाळू हाय का ती? फरशीगत घट्ट दिसतंय."

तुझं विमान लंगडतंय का? एवढंच लिही. नारळ नकोत.

आजी


माहे बेट, सेशेल्स
९ सप्टेंबर १९७८

ती. आजीस, तुझ्या आकारामचा नमस्कार.

तुझ्या दोऱ्यानं हसवलंस. कप्तानालाही सांगितलं, तोही हसला. कप्तान म्हणजे आमचं विमान चालवणारा गोरा, पन्नाशी उलटलेला, लढाईत विमानं उडवलेला. अगं, आदल्या दिवशी पाऊस झालता, एका बाजूची जमीन मऊ होती, चाक बोटभर खाली गेलतं. बस्स. दुसरं काही नाही.

काल पाखरांच्या बेटावर गेलतो. लाख-लाख पाखरं जमिनीवरच अंडी घालून बसतात, पाय ठेवायला जागा नाही. येत्या दहा ऑक्टोबरला शेठ सहकुटुंब लांबच्या बेटांवर निघणार आहेत, सात दिवसांची फेरी. मीही बरोबर. तिकडून तुझ्या देव्हाऱ्यासाठी शंख आणतो.

आईला नमस्कार. जोतीरामकाकांना म्हणावं, चष्मा बदला.

आकाराम


माहे
१२ सप्टेंबर १९७८

आजी,

नऊ तारखेचं पत्र फाडून टाक. पाऊस झालाच नव्हता.

कुणाला तरी सांगायला पाहिजे आणि इथं सांगावं असं माणूस नाही. हे आईला वाचून दाखवू नकोस.

तेवीस जुलैला एका सपाट बेटावर उतरत होतो. वारा आडवा होता. कप्तानानं विमान उंच आणलं आणि शेवटी ते धरता आलं नाही, सोडून दिल्यासारखं आपटलं. मी सगळ्यात मागं बसलेलो, माझी जीभ दातात सापडली. शेठ नव्हते, त्यांचे पाहुणे होते. त्यांना वाटलं असंच उतरतात, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे जेवायला गेल्यावर कप्तान म्हणाला, वहीत लिही, तपासलं, ठीक. वही म्हणजे विमानाची नोंदवही. मी सही केल्याशिवाय विमान उडवता येत नाही, तसा परवाना आहे माझा. मी म्हटलं, पाय खोलून बघावा लागेल. विमानाच्या चाकाला वर धरणाऱ्या दांड्याला आम्ही पाय म्हणतो. तो म्हणाला, खोललास तर दोन महिने विमान उभं. शेठ आपल्या दोघांना घरी पाठवील. घरी जायचंय तुला?

मी खाली वाकलो, बॅटरी मारून बघितलं. काही दिसलं नाही. सही केली. दिसलं नाही हे खरं आहे, आजी. पण मी नीट बघितलं नाही हेही खरं आहे. दिसलं असतं तर काय करायचं, हे माहीत नव्हतं.

तेव्हापासून जमिनीवर वळताना डाव्या पायातून 'कट्' असा आवाज येतो. एकदाच, बारीक. पायात हवेचा दाब भरला की विमान सरळ उभं राहतं, तीन दिवसांनी पुन्हा कलतं. तुझा दोरा बरोबर आहे.

दहा तारखेला विमानात शेठ, शेठाणी, त्यांची सून आणि दोन नातवंडं असणार, एक सात वर्षांचं, एक पाच. मधे दोनशे मैल नुसतं पाणी. पाण्याची भीती नाही. भीती उतरण्याची आहे. त्या बेटांवरच्या पट्ट्या पोवळ्याच्या चुऱ्याच्या, खडबडीत. पाय वेगात असताना मोडला तर पंख जमिनीला लागणार, आणि पंखात पेट्रोल असतं.

नऊ तारखेला मला वहीत पुन्हा सही करायची आहे. नाही म्हटलं तर कप्तान जुनं पान उघडून दाखवील. माझा पासपोर्ट शेठच्या ऑफिसात कपाटात आहे. भेग शोधायची लाल रंगाची बाटली मोंबासातून मागवली होती, ती कप्तानानं मागणीतून खोडली असं आज कळलं.

मी काय करू, असं विचारायला लाज वाटते.

आकाराम


उद्यमनगर, कोल्हापूर
२४ सप्टेंबर १९७८

आकाराम,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम आली. पहिलं वाचून तुला शिव्या द्यायला कागद घेतला. दुसरं वाचलं नि शिव्या राहिल्या. त्या तू परत आल्यावर तोंडावर देईन.

हे पत्र आजच टाकतेय. पोचायला बारा दिवस लागतात का पंधरा, ते तुझं पोस्ट जाणे. म्हणून आधी कामाचं.

दहा ऑक्टोबर कुठला दिवस आहे ते बघितलंस का? खंडेनवमी. अकराला दसरा. पंचांग बघून लिहितेय. शेठ हिंदू आहे, मोंबासात जन्मला असला तरी त्याच्या बापानं वजनकाट्याला कुंकू लावलेलं त्यानं बघितलंच असणार. त्याला सांग, आमच्या घराण्यात खंडेनवमीला यंत्र चालत नाही. उघडायचं, धुवायचं, पुसायचं, पुजायचं, दुसऱ्या दिवशी चालवायचं. गोरा कप्तान तुझ्या सहीशी भांडेल, तुझ्या देवाशी भांडता यायचं नाही त्याला.

मग आपल्या कारखान्यात करतो तस्संच कर. तुला वाटतं ती पूजा आहे. नुसती पूजा नाही ती. तुझ्या आज्यानं, पिराजीनं, ती रीत घातली तेव्हा त्याच्या मनात देव किती होता ते मला ठाऊक आहे. रॉकेलनं धुतलं की रॉकेल भेगेत शिरतं. वरनं कोरडं पुसलं तरी आतलं आतच राहतं. मग आपण रांगोळी भुरभुरवतो. तू लहानपणी चाळणी धरायचास, आठवतं? आणि तासभर कुणी हात लावायचा नाही, देव येतो म्हणून. देव कुठला येतोय! भेगेतलं रॉकेल बाहेर येतं नि पांढऱ्यावर काळी रेघ उठते. रेघ उठली नाही तर कुंकू लावायचं. उठली तर कुंकू लावून मशीन बाजूला काढायचं. कुणाला वाईट वाटत नाही, गिऱ्हाईकही बोलत नाही. देवाचा दिवस असतो ना.

हे तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, कारण ते सांगताना दुसरंही सांगावं लागलं असतं. आता सांगते.

तुझा बाप गणपत मशीनवर गेला, तोल गेला, डोकं आपटलं, असं तुला सांगितलंय. तू नऊ वर्षांचा होतास. तोल गेला नव्हता.

त्या वर्षी खंडेनवमीला कोडोलीचा एक पावणा बैलगाडी घेऊन दारात उभा. गुऱ्हाळ लावलेलं, ऊस तोडून पडलेला, आणि त्याचं बारा घोड्यांचं इंजन आपल्याकडं दुरुस्तीला. दुरुस्ती झालती. गणपत म्हणाला, "आई, आज उघडायचा दिवस हाय. पुसून, बघून, उद्या सकाळी देतो." पावणा म्हणाला, "उद्यापतोर ऊस वाळतोय माझा." मी कारखान्यात नेहमी बसते त्या तेलाच्या पिंपावरच बसलेली. मी म्हटलं, "गणपत, हार घाल नि चालू कर. देव काय चाक उघडून बघतोय व्हय?"

त्यानं हार घातला. हँडल मारलं. इंजन लागलं, पावणा हसला, आणि मोठं चाक फुटलं. त्यातला एक तुकडा तुझ्या बापाला लागला. त्याला हलवेपर्यंत तो संपला होता. दुसऱ्या चाकावरचा हार तसाच फिरत होता.

लोक म्हणतात, म्हातारी खंडेनवमीला देवाला भिते. मी देवाला भीत नाही. मी त्या दिवशी देवाला फुलं दिली नि मशीनला हात लावू दिला नाही, एवढं मला कळतं.

तुझ्या आईला वाचून दाखवू नको म्हणालास. शालूला माहीत आहे. तुझ्या बापाचा डबा घेऊन ती त्या वेळी दारात उभी होती, मी काय बोलले ते तिनं ऐकलं. सतरा वर्षं आम्ही एका चुलीवर रांधतोय. तिनं तो शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. मला तर वाटतं, काढला असता तर बरं झालं असतं.

तर आता बघ. तुझी एक सही झाली ती झाली. मीही एकदा बोलून गेले. पण माझ्यापुढं दुसरी खंडेनवमी आली नाही. तुझ्यापुढं आलीय.

आजी


तार
कोल्हापूर, ६ ऑक्टोबर १९७८

खंडेनवमी पाळ – आजी


माहे
१० ऑक्टोबर १९७८, संध्याकाळ

आजी,

तुझं पत्र नाही आलं. तार आली, परवा दुपारी. इथल्या तारवाल्यानं ती आधी पोलिसात दाखवली, त्याला वाटलं काहीतरी गुप्त खूण आहे. मग शेठच्या बंगल्यातल्या ऑफिसात आली. कप्तानानं वाचली नि मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझ्या आजीचा हुकूम आहे.

शेठ तिथंच होते. त्यांनी तार हातात घेतली, इंग्रजी अक्षरं एकेक करत वाचली, आणि म्हणाले, "नवमी? आयुधपूजा ना ही? माझे बापूजी दुकानातल्या तराजूची करायचे."

मी म्हटलं, "व्हय शेठ. आमच्याकडं त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. उघडून, धुऊन पूजा करतात."

"आणि चालवलं तर?"

खरंच, मला माहीत नव्हतं काय होतं ते. आपल्या घरी कुणी कधी चालवलेलं मी बघितलं नाही.

कप्तान म्हणाला, हा वेडेपणा आहे, हवा चांगली आहे, दहालाच निघायचं. शेठाणी आतून म्हणाल्या, "एक दिवस उशिरानं बेटं कुठं बुडत नाहीत. पूजा झाल्याशिवाय मी पोरांना त्यात बसवणार नाही." झालं. अकराला निघायचं ठरलं, आणि माझी सही दहाला संध्याकाळपर्यंत लांबली.

आज सकाळी विमान उचलून ठोकळ्यांवर घेतलं. आपल्याकडं करतो तस्संच केलं, कारण दुसरं काही येतच नाही मला. रॉकेल, चिंध्या. पाय वरपासून खालपर्यंत धुतला, सांध्यात ब्रश घातला, कोरडा होईस्तोवर पुसला. रांगोळी कुठली इथं? शेठाणींकडं गेलो. त्यांनी अंगाला लावायची वासाची पावडर दिली, मोठा डबा, आणि कुंकवाची डबी. मी त्यांच्या चहाच्या गाळणीतून पावडर भुरभुरवली. सगळं विमान मोगऱ्यासारखं घमघमायला लागलं. कप्तान लांब उभा राहून सिगारेट ओढत होता. मी म्हटलं, आता तासभर हात लावायचा नाही. त्यानं विचारलं, का? मी सांगितलं, देव येतो.

खरं सांगतो आजी, तोपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. मी जास्वंदी ओवत बसलो. एक दिवस मिळाला, संध्याकाळी काय करायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

तासानं उठलो. डाव्या पायाच्या वरच्या सांध्याला, पांढऱ्यावर, काळी रेघ होती. करंगळीएवढी. सरळ जाऊन वर वळलेली.

आयटीआयत शिकलो, पिचकारीनं लाल रंग मारायचा, पुसायचा, वर पांढरं मारायचं, भेग बोलते. परीक्षेत लिहिलंय मी ते. आणि सगळं बालपण चाळणी धरून हेच करत होतो. आजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

कप्तान जवळ आला. त्यानं बघितलं. तो वाईट माणूस नाही, त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मग खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "पूस ते. उतरताना मी फुलासारखं टेकवीन. वहीत तुझी सही आहे, माझी नाही."

रुमाल माझ्या हातात असताना शेठचं कुटुंब आलं. ताट, निरांजन, पोरं नवीन कपड्यांत. धाकटीनं विचारलं, "विमानाला आंघोळ घातली?" थोरला म्हणाला, "पावडरपण लावलीय, मम्मीसारखी!" सगळे हसले. शेठाणींनी एका चाकाला कुंकू लावलं, दुसऱ्याला लावलं, मग वर पायाला लावायला वाकल्या आणि थांबल्या.

"आकाराम, इथं केस चिकटलाय."

त्यांनी बोटानं पुसलं. पावडर गेली, रेघही गेली. त्या पुढच्या चाकाकडं वळल्या. कप्तान माझ्याकडं बघत होता.

मला गप्प बसता आलं असतं. काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. रेघ दुसऱ्याच कुणीतरी पुसलेली होती.

मी गाळणी घेतली, त्याच जागी पुन्हा पावडर टाकली, आणि म्हटलं, "बाई, जरा थांबा. केस नाही तो."

आम्ही सगळे उभे राहिलो. निरांजन वाऱ्यानं विझलं. पाच-सात मिनिटांत रेघ हळूहळू पुन्हा वर आली. धाकटी म्हणाली, "आली बघ!" मी म्हटलं, "भेग आहे, शेठ. तेवीस जुलैला विमान आपटलं तेव्हापासून असेल. मला आवाज येत होता. वहीत ठीक म्हणून सही माझी आहे."

शेठनी कप्तानाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. दोन्ही पोरांना दंडाला धरून विमानाच्या सावलीतून बाहेर नेलं आणि तिथंच, उन्हात, उभे राहिले. शेठाणींनी ताट खाली ठेवलं आणि त्याही तिकडं गेल्या.

आता संध्याकाळ आहे. अजून कुणी मला बोलावलं नाही.

आकाराम


माहे
१७ ऑक्टोबर १९७८

आजी,

बाराला पाय उतरवला. शेठ समोर खुर्ची टाकून बसले. सांधा शिकंज्यात धरून मी हातोडा मारला. एकाच घावात तुटला. तुटलेली कड त्यांना दाखवली. लोखंड आज तुटलं असेल तर कड पांढरी, चमकणारी असते. आधीपासून भेग असेल तर तेल-मळ शिरून काळी. आमच्या पायाची कड पाऊणभर काळी होती, पावभर पांढरी. शेठनी त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. "म्हणजे एवढ्यावर माझी नातवंडं बसणार होती." मी "हो" म्हटलं.

कप्तानाला काढलं. मलाही काढलं. शेठ म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून तुला पोलिसात देत नाही. पण तू सही केलीस, म्हणून तुला ठेवत नाही." हे बरोबर आहे. परवान्याचं काय होईल ते माहीत नाही, वहीतलं पान नैरोबीला पाठवलंय. पासपोर्ट दिला. शेठाणींनी पावडरचा डबा आईसाठी दिला. सहा नोव्हेंबरच्या बोटीनं निघतो, मुंबईला पोचलो की कोल्हापूरवरनं बंगलोरला जाणाऱ्या ट्रकात बसेन, आपल्या ओळखीचे असतात.

काल किनाऱ्यावर गेलो. दुसऱ्या कुणाचं तरी छोटं विमान बेटांकडं चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मी त्याच्या इंजनाचा आवाज ऐकला. ठीक होतं.

तुझं चोवीस तारखेचं पत्र चौदाला आलं. तीन दिवस झाले, रोज वाचतो. त्यावर काय लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून एकच विचारतो.

त्या चाकाच्या तुकड्याची कड कशी होती? काळी का पांढरी?

चाक आधीच भेगलेलं असेल तर त्या दिवशी पुसलं असतं तर रेघ दिसली असती. नसेल, आतलंच लोखंड कच्चं असेल, तर पुसून, रांगोळी टाकूनही काही दिसलं नसतं. मग तू काही म्हणाली असतीस तरी ते फुटायचंच होतं. आजी, हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला माहीत करून घ्यायचंय.

आकाराम


उद्यमनगर, कोल्हापूर
२ नोव्हेंबर १९७८

आकाराम,

हे पत्र तुला बोटीवर मिळणार नाही. तू निघाल्यावर तिथं पोचेल, आणि ते लोक ते परत पाठवतील. तरी लिहिते. तू दारात आल्यावर मला हे बोलता येईलच असं नाही. परत आलेलं पत्र पोस्टमन तुझ्याच हातात देईल.

तुझं पत्र शालूला सगळं वाचून दाखवलं. तारीख, पान, सही, सगळं. ती दळण निवडत होती. विमानातल्या पोरांचं आलं तेव्हा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. शेवटी म्हणाली, "त्यानं सांगितलं न्हवं? मग येऊ दे." आणि मग, तोंड वर न करता, "तुम्हीबी सांगितलासा की आता त्याला, आत्ती." एवढंच. सतरा वर्षांत एवढंच. मी उठून बाहेर गेले, डोळ्यांत कोंडा गेला होता.

तू विचारलंस त्याचं उत्तर.

कारखान्यात जोतीरामच्या बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेलं एक गाठोडं आहे. लहानपणी तू त्यावर बसून भाकरी खायचास. मी दर वेळी तुला तिथनं उठवायची, तू म्हणायचास म्हातारी खेकसते. तो तुकडा तो. त्याच दिवशी संध्याकाळी जोतीरामनं तो उचलला, कडेला बोटभर ग्रीस थापलं, गंजू नये म्हणून, आणि गुंडाळून ठेवला. कड त्यानं बघितली असणार. डोळे तेव्हा चांगले होते त्याचे. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. या खेपेला तुझ्या पत्रानंतर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंडही उघडलं. तो म्हणाला, "काकी, माझं ऐकू नका. म्हाताऱ्याच्या आठवणीला काय अर्थ हाय? तिथं हाय की ते. सोडून बघा."

मी सोडलं नाही. रोज त्या बाकाभोवती झाडते. सतरा वर्षांत मी ते गाठोडं एकदा सरकवलं सुद्धा नाही, झाडू त्याच्या कडेनं फिरवते. लोक समजतात म्हातारीला कशाचं काही वाटत नाही. तुझ्या फोटोवर दोऱ्याची हुशारी मला करता येते, कारण ते विमान तुझं होतं.

कागलच्या एका पावण्याचं इंजन आठ दिवस दारात उभं आहे. गुऱ्हाळ लागलंय, रोज येऊन शिव्या देतो. मी सांगितलंय, नातू येतोय, तो बघेल, त्याशिवाय चालू व्हायचं नाही. त्यानं विचारलं, कुठनं येतोय? मी म्हटलं, बेटांवरनं. तो म्हणाला, तिथं काय करत होता? मी सांगितलं, चुकत होता.

तेव्हा हे पत्र हातात पडलं की हात-पाय धू, जेव, आणि कारखान्यात ये. ते गाठोडं तूच सोडायचं. रॉकेलनं ग्रीस धू, चिंधीनं पूस, उजेडात धर. मी पिंपावर बसलेली असेन, तुझ्याकडं पाठ करून. शालूही येते म्हणालीय.

कड पांढरी असली तर पांढरी म्हण. काळी असली तर काळी म्हण. मऊ करून सांगू नकोस. तिथं शेठला सांगितलंस तसं, मोठ्यानं सांग.

आजी